कपड्यांवरचे डाग: साबण लावायच्या आधी काय बघायचं आणि मग काय करायचं

शिकायला किंवा नोकरीला पहिल्यांदाच घराबाहेर पडलात, रूम घेऊन राहताय, किंवा नवीन संसार आहे आणि धुणं आता आपल्यालाच बघायचंय, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. डाग पडला की बहुतेक जण एकच करतात, धावत नळाखाली जायचं, साबण थापायचा आणि ब्रश घेऊन जीव खाऊन घासायचं, आणि वर पुन्हा गरम पाणी. खरं सांगायचं तर कितीतरी डाग मुळात एवढे वाईट नसतातच, ते या पहिल्या दहा मिनिटांत पक्के होतात. कारण प्रत्येक डाग वेगळ्या गोष्टीचा असतो, रक्ताला जे चालतं ते हळदीला चालत नाही, हळदीला चालतं ते गंजाला चालत नाही. तर आधी डाग कशाचा आहे हे ओळखा, मग हात लावा. बाकी सगळं यातूनच येतं.

पायरी 1: घासू नका, टिपून घ्या

कालवण सांडलं, चहा उडाला, काहीही असो, आधी जाडसर असेल ते चमच्याने किंवा सुरीच्या बोथट बाजूने उचलून घ्या. मग कोरडं, पांढरं सुती फडकं किंवा टिश्यू वरून दाबा, उचला, फडक्याची स्वच्छ बाजू घ्या, परत दाबा. फडकं पांढरंच का तर रंगीत फडक्याचा रंग ओल्या कपड्याला लागू शकतो आणि एकाचे दोन डाग होतात. घासलं की काय होतं, डाग बाजूला पसरतो, धाग्यात आत जातो आणि कापडाचा तलमपणा जाऊन तिथे कायमची पांढुरकी लव उठते, मग डाग गेला तरी ती जागा दिसतच राहते.

आणि टिपताना बाहेरच्या कडेकडून मध्याकडे यायचं, मधून बाहेर नाही.

पायरी 2: डाग कुठल्या घराण्यातला ते बघा

ढोबळमानाने पाच प्रकार धरा. पहिला, प्रथिनांचे डाग, म्हणजे रक्त, दूध, अंडं, दही, घाम, बाळाची उलटी. दुसरा, तेल-तुपाचे. तिसरा, झाडापाल्याच्या रंगाचे, यात चहा, कॉफी, जांभूळ, डाळिंब, कोकम, केळीचा चीक, आणि अर्थात आपली हळद. चौथा, धातूचे आणि मातीचे, म्हणजे गंज, कोकणातली लाल माती. पाचवा शाई, रंग, नेलपॉलिश वगैरे बाटलीतल्या गोष्टी.

आपल्याकडचा घोळ असा की आपले डाग सहसा एकट्या घराण्यातले नसतातच. मिसळीचा कट सांडला तर त्यात तेल आहे, हळद आहे, मिरचीचा लाल रंग आहे. चहा सांडला तर त्यात चहाचा रंग आहे, दूध आहे, साखर आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा, वरचा थर आधी काढायचा मग खालचा. कटाच्या डागात आधी तेल काढायचं, ते राहिलं तर हळदीपर्यंत काही पोचतच नाही.

पायरी 3: कापड कुठलं आहे आणि लेबल काय म्हणतं

कॉलरपाशी किंवा आतल्या बाजूच्या शिवणीत जे छोटं लेबल असतं ते कापून टाकू नका. त्यावरचा त्रिकोण ब्लीचसाठी असतो, रिकामा त्रिकोण म्हणजे ब्लीच चालेल, त्यात दोन तिरप्या रेघा असतील तर क्लोरीनवालं (दुकानात मिळणारं नेहमीचं पातळ ब्लीच) चालणार नाही, आणि फुली मारलेली असेल तर कुठलंच नको. टबचं चित्र म्हणजे पाण्यात धुवायला हरकत नाही, टबवर फुली म्हणजे पाणी नको. गोल म्हणजे ड्रायक्लीनचं.

सुती आणि लिनन दणकट, त्यांना साबण-सोडा चालतो, पण लिंबू, व्हिनेगरसारखी आंबट वस्तू लावून तशीच वाळवली तर सूत कमजोर होतं, म्हणून भरपूर पाण्याने काढून टाकायची. रेशीम आणि लोकर हे स्वतःच प्रथिन आहे, त्यामुळे एन्झाइमवाली पावडर, जी रक्ताचा डाग खाते, ती रेशमाचा धागाही खाते. क्लोरीन ब्लीच तर रेशीम-लोकरीजवळ न्यायचंच नाही, पिवळं पडतं आणि धागा विरतो. पॉलिस्टरला तेल फार धरून बसतं. लायक्रा असलेल्या लेगिंग्ज, जीन्स यांनाही क्लोरीन वाईट, ताणच निघून जातो.

कुठलीही गोष्ट लावायच्या आधी आतल्या शिवणीवर, जिथे कोणाला दिसणार नाही तिथे, एक थेंब टाकून पाच-दहा मिनिटं थांबा आणि पांढऱ्या फडक्याने दाबून बघा. फडक्यावर कपड्याचा रंग आला तर तो उपाय सोडा. हा टप्पा सगळे गाळतात आणि मग डाग गेला पण त्या जागी फिकट चट्टा राहिला असं होतं, आणि गेलेला रंग परत आणता येत नाही.

पायरी 4: आता एकेक डाग

हळदीपासून सुरुवात करते कारण आपल्या घरात सगळ्यात जास्त हीच. हळदीवर साबण लावला की पिवळा डाग एकदम लालभडक होतो आणि नवीन माणूस घाबरतो, की हे काय झालं. काही झालेलं नाही. हळदीतला रंग, कर्क्युमिन, साबण-सोड्यासारख्या अल्कलीत लाल होतो आणि आंबट लागलं की परत पिवळा होतो, हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. पण लाल झाला किंवा पिवळा झाला म्हणजे गेला असं नाही, तो नुसता रंग बदलतोय. पाण्यात तो नीट विरघळतच नाही, तेलात आणि स्पिरिटमध्ये विरघळतो. म्हणून क्रम असा: तेलकट असेल तर आधी भांड्याचं लिक्विड दोन थेंब, बोटाने हलकं चोळायचं, दहा मिनिटं ठेवून थंड पाण्याने काढायचं. मग साध्या डिटर्जंटने धुवायचं. जो पिवळा उरेल तो तसाच ओला असताना कडक उन्हात वाळत घालायचा, डागाची बाजू वर करून. कर्क्युमिन उन्हात तुटतं, हा त्याचा सगळ्यात मोठा कच्चा दुवा आहे. एका उन्हात फिका होतो, राहिला तर परत ओला करून परत उन्हात. लग्नातल्या हळदीचे कपडे, लहान मुलांचे वरणभाताचे डबडबलेले टीशर्ट, सगळ्यांना हेच. पावसाळ्यात मात्र ऊन नसतं तेव्हा पांढऱ्या सुतीला ऑक्सिजन ब्लीचच्या (ही पावडर काय ते खाली चहात सांगते) पाण्यात भिजत घाला, आणि रंगीत असेल तर धीर धरा, दसऱ्याचं ऊन पडलं की त्याला दाखवा. फक्त गडद रंगाचा कपडा तासन्‌तास उन्हात टाकू नका, हळदीबरोबर त्याचाही रंग उतरेल.

चहा. आपला चहा दुधाचा, म्हणून पहिलं पाणी थंड, गरम नाही, दुधातलं प्रथिन गरम पाण्याने धाग्याला चिकटतं. कापड उलटं करून मागच्या बाजूने नळाची धार सोडा, म्हणजे डाग ज्या वाटेने आत आला त्याच वाटेने बाहेर जाईल. मग डिटर्जंट, पावडर किंवा लिक्विड काहीही, पण अंगाचा साबण नको, चहातल्या टॅनिनला, म्हणजे त्यातल्या तुरट द्रव्याला, तो पक्का करतो. पंधरा-वीस मिनिटं भिजवून धुवा. तपकिरी कडा राहिलीच तर ऑक्सिजन ब्लीच. हे म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पावडर, पाण्यात गेली की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो, आणि कोमट-गरम पाण्यात चांगलं काम करते, म्हणून दूध निघून गेल्यावरच हिचा नंबर. रंगीत सुतीलाही बहुतेक वेळा चालते, तरी शिवणीवर बघून घ्या. रेशीम-लोकरीला नाही.

फळं आणि चीक यावर जरा थांबते, कारण यावर नीट कोणी सांगत नाही आणि एप्रिल-मे-जूनमध्ये घरोघर हेच चालू असतं. जांभूळ आणि कोकम यांचा रंग आंबटात लाल-गुलाबी असतो आणि साबण लागला की निळा-करडा होतो, हळदीसारखंच घाबरवतो. ताज्या डागावर आधी भरपूर थंड पाणी, मग थोडं लिंबू किंवा व्हिनेगर, मग परत पाणी, आणि शेवटी डिटर्जंट. फणसाचा चीक वेगळा, तो चिकट, रबरासारखा, पाण्याला दाद देत नाही. फणस कापताना विळीला आणि हाताला तेल लावतात ना, तेच कपड्याला करायचं, खोबरेल तेल लावून चीक मऊ करायचा, खरवडून काढायचा आणि मग उरलेलं तेल भांड्याच्या लिक्विडने काढायचं. केळीचा चीक मात्र सगळ्यात दगाबाज. लागतो तेव्हा पाण्यासारखा, काही दिसत नाही, आणि हवा लागली की हळूहळू काळा-तपकिरी होत जातो आणि मग फार अवघड. केळीचे घड उचलताना, केळफूल सोलताना कपड्याला लागला असं वाटलं तर डाग दिसायची वाट न बघता लगेच धुवा. काजूच्या बोंडाच्या रसाचंही तसंच, कोकणात बोंडं गोळा करायला जुने कपडे घालतात ते उगीच नाही.

एक लक्षात ठेवा, चहा, चीक, डाळिंबाची साल या टॅनिनवाल्या डागांना लोखंड लागलं की ते काळे पडतात. हिरडा (टॅनिनवाला) आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिळून कापड काळं रंगवायची जुनी रीतच आहे, तुमच्या शर्टावर नकळत तीच होते. त्यामुळे गंजलेली बादली, गंजलेली तार, लोहयुक्त बोअरचं पाणी या डागांना टाळा.

रक्त: थंड पाणी, थंड पाणी, थंड पाणी. चिमूटभर मीठ घातलेल्या थंड पाण्यात अर्धा तास ठेवून मग एन्झाइमवाली पावडर. ताजा डाग याने जातोच. वाळलेला असेल आणि कपडा पांढरा सुती असेल तर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड, पण बाटलीवर टक्के बघा, 6 टक्क्यांचं असेल तर तेवढंच पाणी घालून 3 टक्के करा. टाकल्यावर फेस येतो, तो रक्तातल्या एन्झाइममुळे, फेस थांबला की टिपून घ्या आणि धुवा. पाळीच्या डागांनाही हेच सगळं, आणि यात लपवाछपवी करत तासभर वाट बघण्यापेक्षा लगेच थंड पाणी लावलेलं बरं, घरातल्या मुलींना आणि मुलांना दोघांनाही हे शिकवा.

तेल-तूप: पाणी लावायच्या आधी टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोर जाडसर पसरा, अर्धा तास ठेवा, झटका. मग भांड्याचं लिक्विड, मग कपड्याला सोसेल इतकं गरम पाणी. इथे गरम पाणी चालतं, रक्ताच्या बरोबर उलट.

पान खाऊन पडलेला लाल डाग कात आणि चुन्याचा असतो, चुना अल्कली, म्हणून आधी दही किंवा लिंबू लावून मग धुवायचं ही घरची पद्धत बरोबरच आहे. बॉलपेनची शाई: खाली जाड टिश्यू ठेवा, वरून स्पिरिट किंवा अल्कोहोलवाला सॅनिटायझर कापसाने दाबत राहा, शाई खालच्या टिश्यूत उतरते, टिश्यू सारखा बदला. जेल पेनचा सगळा जाईल याची खात्री नाही. नेलपॉलिशला ॲसिटोन, पण रेयॉनसारख्या दिसणाऱ्या ॲसिटेट कापडाला नाही, ते चक्क विरघळतं. मेणाला बर्फ लावून कडक करा, खरवडा, मग ब्राऊन पेपर ठेवून वरून इस्त्री.

गंजाला लिंबू आणि मीठ लावून ऊन, किंवा सायट्रिक ॲसिड. गंजावर क्लोरीन ब्लीच कधीच नाही, डाग अजून पक्का होतो. लाल माती म्हणजे मुळात लोहच, ती ओली असताना चोळू नका, पूर्ण वाळू द्या, झटका, कोरड्या ब्रशने काढा, मगच पाणी.

काखेतले पिवळे डाग नुसते घामाचे नसतात, घाम रोखणाऱ्या डिओमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात, ते आणि घाम मिळून होतात. व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून अर्धा तास ठेवा, मग धुवा. इथेही क्लोरीनने पिवळेपणा वाढतो.

पायरी 5: डाग गेला पण चट्टा राहिला, त्याचं काय

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, विशेषतः फिकट रंगाच्या कुर्त्यांवर आणि सोफ्याच्या कव्हरवर. डाग होता रुपयाएवढा, आता त्याच्याभोवती मोठं वेडंवाकडं वर्तुळ दिसतंय. कारण असं, पाणी कोरड्या कापडाकडे सरकत जातं आणि जाताना विरघळलेला मळ, साबण, कांजी सगळं बरोबर नेतं, आणि जिथे ओल संपते तिथे हे सगळं सोडून वाळतं, म्हणून कडा ठळक दिसते. उपाय म्हणजे ओल्या-सुक्याची कडक सीमाच राहू द्यायची नाही. एक तर पूर्ण कपडा भिजवून धुवा. ते शक्य नसेल तर तो पूर्ण भाग, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, स्प्रेने एकसारखा ओला करा आणि कोरड्या टॉवेलने दाबून एकसारखा वाळवा. सोफ्याच्या कव्हरला चेन असेल आणि लेबल हो म्हणत असेल तर काढून पूर्णच धुवा.

असेच डाग नसलेले डाग अजून तीन. नीळ नीट न कालवता कपड्यावरच ओतली की निळे धब्बे पडतात, नीळ नेहमी बादलीभर पाण्यात आधी कालवायची, कपडे साबण पूर्ण काढून घालायचे आणि हलवत राहायचे, तळाशी बसू द्यायचे नाहीत. धब्बे पडलेच तर वाळू न देता दोन-तीन पाण्यांत हिसळा आणि परत धुवा. दुसरं, काळ्या कपड्यावर पांढऱ्या पावडरचे पट्टे, हे बोअरच्या जड पाण्यात जास्त होतं, पावडर कमी घ्या, आधी पाण्यात विरघळवा आणि शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर टाका. तिसरं, एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागणं, यात एकच नियम, वाळायच्या आत परत धुवा. नवीन बांधणी, गडद कुर्ते, नवी जीन्स पहिले काही धुणे एकटेच धुवायचे.

पायरी 6: वाळत घालायच्या आधी उजेडात बघा

ओल्या कपड्यावर तेलाचा डाग नीट दिसत नाही, म्हणून खिडकीपाशी नेऊन कापड ताणून बघा. डाग शिल्लक असेल तर ड्रायर नाही, इस्त्री तर अजिबात नाही, उष्णतेने उरलेला डाग धाग्यात बसतो. ऊन चालेल, पण हळद किंवा टोमॅटो-मिरचीच्या लाल रंगाला, तेलाला नाही. परत पायरी 4 वर जा आणि तोच उपाय पुन्हा करा, दुप्पट जोर नको, दुप्पट वेळा करा.

पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस ओले राहिले की बुरशीचे काळे ठिपके येतात, ते नंतर काढण्यापेक्षा पंख्याखाली सुटे सुटे टाकून एका दिवसात वाळवणं सोपं. आलेच तर पांढऱ्या सुतीला क्लोरीन ब्लीच, रंगीतला ऑक्सिजन ब्लीचमध्ये भिजवण, आणि आधी घराबाहेर नेऊन कोरडे झटकून घ्या.

जीवाशी खेळ नको

हे पायऱ्यांत बसत नाही पण सगळ्यात महत्त्वाचं आहे. क्लोरीन ब्लीच आणि ॲसिड एकत्र करायचं नाही, कधीच नाही. व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिड, टॉयलेट क्लीनर यातलं काहीही ब्लीचमध्ये गेलं की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसाला फार इजा करतो. अमोनियाबरोबरही तसंच विषारी वायू. एक उपाय झाला की कपडा भरपूर पाण्याने काढायचा, मगच दुसरा. स्पिरिट आणि ॲसिटोन पेटतात, गॅस चालू असताना स्वयंपाकघरात त्यांचं काम करू नका. बाटल्यांवरची लेबलं तशीच ठेवा, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ब्लीच भरून ठेवायची सवय घरात असेल तर ती आजच बंद करा, लहान मुलं आणि पाहुणे दोघंही ते पितात.

कुठे हात लावायचा नाही

पैठणी, जरीकाठ, जुन्या रेशमी साड्या, आजीची शाल. यांच्यावर लिंबू नको, व्हिनेगर नको, पेरॉक्साइड नको, जर काळवंडते आणि रंग काठातून अंगात उतरतो. कोरड्या फडक्याने टिपा, तेल असेल तर टाल्कम पावडर टाकून झटका, आणि थांबा. साध्या रेशमाला, जिथे लेबल पाण्याला हो म्हणतं तिथे, रिठ्याचं थंड पाणी चांगलं, ते साबण-सोड्यापेक्षा खूप सौम्य असतं, पण पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढायचं आणि सावलीत वाळवायचं.

बाकीचं ड्रायक्लीनवाल्याकडे द्या आणि लवकर द्या, सणाची साडी घडी करून कपाटात टाकली आणि पुढच्या सणाला काढली तर डाग पिवळा होऊन बसलेला असतो. देताना नुसतं डाग आहे म्हणू नका. डाग कशाचा आहे, केव्हा पडला आणि घरी काय काय लावलं हे तिन्ही सांगा, न लाजता सांगा, कारण तुम्ही लिंबू लावलंय की साबण त्यावर त्याचा पहिला हात ठरतो. डागाची जागा कच्च्या टाक्याने दोऱ्याने खूण करून द्या, पेनाने गोल करू नका, आणि पावतीवर डाग कशाचा ते लिहून घ्या.